फुकट पेपरवाल्या अॅडमिनकाकांना उघड पत्र

प्रति,
श्री. अॅडमिनकाका,
‘सर्व पेपर पहाटे ५.३०’ समूह,
गंगापूर रोड, नाशिक.



पत्र उघड्यावर लिहितोय, कारण बंद पाकिटातलं काही तुम्हाला चालत नाही. जे काही आहे ते उघडून साऱ्या गावाला वाटल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही, हे नाशिककर ओळखून आहेत.

तुमची सेवा मोठी आहे. सेंटरवर पोरं अजून रस्त्यावरच्या दिव्याखाली मांडी घालून पुरवण्या भरत असतात, क्लासवाल्यांची पॅम्प्लेटं आत सरकवत असतात, सायकलच्या कॅरिअरला आपापल्या लाइनचे गठ्ठे आवळत असतात. तेवढ्यात तुमच्या ग्रुपवर नाशिक आवृत्ती, मुंबई आवृत्ती, दोन इंग्रजी पेपर आणि ज्येष्ठांच्या सोयीसाठी शब्दकोडं वेगळं कापून, असा सगळा शिधा येऊन पडलेला असतो. त्याखाली शंभरेक हात जोडले जातात. कोणी ‘धन्यवाद काका’ लिहितं, कोणी ‘आज लोकमान्य असते तर’ म्हणतं. पेपर टाकणाऱ्या पोराच्या वाट्याला एवढे नमस्कार जन्मात येत नाहीत.

सवय लागली ती करोनात, हे मान्य. १८ एप्रिल २०२० रोजी राज्य सरकारने घरोघर पेपर टाकण्यावर बंदी घातली. पुढे ती सैल झाली, पण तेवढ्या दिवसांत कागदाला हात लावायची भीती आणि पीडीएफची गोडी दोन्ही घट्ट बसल्या. भीती गेली, गोडी राहिली. वृत्तपत्रांच्या संघटनेने तेव्हाच बजावलं होतं की असे अंक फिरवणाऱ्या ग्रुपचा अॅडमिन कायद्याने जबाबदार धरला जाऊ शकतो. मे २०२० मध्ये ‘दैनिक जागरण’च्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला असे चॅनेल काढून टाकायला सांगितलं. तुम्ही त्या आठवड्यात सावधगिरी म्हणून ग्रुपचं नाव ‘सुप्रभात मित्रमंडळ’ केलंत. आठवडा सरला तसं जुनं नाव परत आलं.

पण माझी तक्रार स्वामित्वहक्काची नाही. ती मालक लोक बघून घेतील, आणि मालक लोकही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. माझी तक्रार तुमच्या नऊ वाजताच्या मेसेजबद्दल आहे. साडेपाचला अंक वाटता, साडेआठपर्यंत वाचून संपवता, आणि नऊ वाजता न चुकता लिहिता: ‘पत्रकारिता विकली गेली आहे.’ कोणी विकली, कितीला विकली, याचा तपशील नसतो. विकत घेणाऱ्यांत तुम्ही नव्हता, एवढं मात्र मी शपथेवर सांगू शकतो.

विकली कशी जाते ते तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो. तुमच्या पीडीएफमध्ये पाचव्या पानाच्या तळाला दोन कॉलमची बातमी असते: अमुक पाड्याचा रस्ता पहिल्याच पावसात वाहून गेला. ही बातमी सुरगाणा, पेठ, त्र्यंबक या पट्ट्यातला वार्ताहर आणतो. त्याला पगार नसतो, मानधन असतं, आणि दुचाकीत पेट्रोल घालून त्यातून काय उरतं हे तो घरीही सांगत नाही. घर चालतं ते झेरॉक्सच्या दुकानावर नाहीतर बायकोच्या अंगणवाडीवर. तो चिखलात उतरून फोटो काढतो. रेंज नसते म्हणून घाटमाथ्यापर्यंत चढून येतो. दोन्ही अंगठ्यांनी मोबाइलवर बातमी बडवतो आणि डेस्कला पाठवतो. तिथे तिची लांबी निम्मी होते, कारण शेजारी जाहिरात आलेली असते.

त्या जाहिरातीचीच गोष्ट आहे. याच माणसाला वर्षातून चार-पाच वेळा टार्गेट दिलं जातं. भाऊंचा वाढदिवस, पंधरा ऑगस्ट, दिवाळी, आवृत्तीचा वर्धापनदिन. भाऊंचा मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांची पलटण, वर नेत्यांचे गोल चेहरे. जाहिरात त्याने आणायची, मजकूर त्याने लिहून घ्यायचा, गोल चेहऱ्यांचा क्रम चुकला तर शिव्या त्याने खायच्या आणि पैसेही त्यानेच वसूल करायचे. बिल थकलं तर पुढच्या कमिशनमधून ते वळतं होतं. म्हणजे बातमीदारही तोच, वसुली कारकूनही तोच, आणि अडला हरीही तोच.

आता वाहून गेलेल्या रस्त्याचा ठेकेदार भाऊंचा मेहुणा निघतो. नेहमीच निघतो, त्यात नवल काही नाही. संध्याकाळी फोन येतो. आवाज चढलेला नसतो. ‘बातमी लावा ना, लोकशाही आहे. बरं, ते तुमचं वाढदिवसाचं बिल आपल्याकडं राहिलंय वाटतं. बघू, पुढच्या महिन्यात.’ संपलं. यात धमकी कुठे आहे दाखवा. पोलीस ठाण्यात जाऊन कसली फिर्याद देणार? मराठी, बंगाली, हिंदी पत्रांची तोंडं बंद करायला लॉर्ड लिटनला १८७८ साली कायदा करावा लागला, नाव वाईट झालं आणि पुढे रिपनने तो रद्दही केला. भाऊंना कायदा लागत नाही. त्यांच्या उधारीवर अपीलही नाही.

त्या वार्ताहराचं मानधन तुमच्यासारख्यांच्या वर्गणीतून निघत असतं, तर त्याने भाऊंना काय उत्तर दिलं असतं हे मला ठाऊक आहे. इथे छापण्यासारखं नाही.

एवढ्या खाली कशाला जाता, वरची गोष्ट घ्या. २००९च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर ‘अशोकपर्व’ अशा थाटाची पानंच्या पानं मराठी दैनिकांत झळकली. काही मजकूर तर वेगवेगळ्या पेपरांत शब्दाला शब्द तोच, आणि कुठेही ‘जाहिरात’ असं लिहिलेलं नाही. पी. साईनाथ यांनी ते ‘द हिंदू’त उघड केलं. निवडणूक खर्चात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींचा आकडा दाखवला होता ५,३७९ रुपये. निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये हिशेबावरून ठपका ठेवला, दिल्ली उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी काढून टाकला. कायद्याने ते प्रकरण मिटलं. पण ‘पेड न्यूज’ हा शब्द आपल्या गावागावांत बोलीभाषेसारखा रुळला तो तेव्हापासून. पेपर चालवायला पैसा लागतोच, काका. तो वाचणाऱ्याने दिला नाही, तर ज्याच्याबद्दल छापायचं तो देतो. आणि तो काही तुमच्यासारखा हात जोडून गप्प बसत नाही.

मारहाण झाली की मात्र तुम्ही पेटून उठता, हे खरं. २० सप्टेंबर २०२५. सिंहस्थाच्या बैठकीचं वार्तांकन करायला त्र्यंबकेश्वरला निघालेल्या वाहिन्यांच्या पत्रकारांना गाड्यांकडून प्रवेश शुल्काची पावती फाडणाऱ्या टोळक्याने गाठून मारलं. एकाला रुग्णालयात ठेवावं लागलं. मंत्री विचारपूस करून गेले, गुन्हा दाखल झाला, अटकाही झाल्या. तुम्ही तो व्हिडिओ दिवसभरात तीन वेळा टाकलात, ‘लोकशाहीच्या चौथ्या स्तंभावर हल्ला’ असं वर लिहून. ज्या वाहिन्यांची पोरं मार खात होती, त्यांची बोधचिन्हं मात्र व्हिडिओतून कापली गेली होती. तुम्ही नसतील कापली. तुमच्याकडे ती आधीच कापून आली असतील.

या हल्ल्यांसाठी आपल्याकडे कायदा आहे, आणि असा कायदा करणारं पहिलं राज्य म्हणून आपण पाठही थोपटून घेतो. ७ एप्रिल २०१७ रोजी विधिमंडळाने तो मंजूर केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१९ मध्ये तो पुस्तकात आला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. ऐकायला छान वाटतं. पण पत्रकार म्हणजे कोण, याची व्याख्या वाचा. संपादक, उपसंपादक, बातमीदार, व्यंगचित्रकार, कॅमेरामन, अगदी मुद्रितशोधकही आहे त्यात, पण सगळे संस्थेत नेमलेले, कायम नाहीतर कंत्राटी. स्वतःच्या खिशातून डेटा भरून स्वतःच्या चॅनेलवर तालुक्याच्या बातम्या देणारा पोरगा त्यात बसतो का, हे मार खाल्ल्यानंतर वकिलाला विचारून ठरवायचं. कायदा होऊनही ६ फेब्रुवारी २०२३ला राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली ती गेलीच. तिथल्या रिफायनरी प्रकल्पाच्या समर्थकाबद्दलची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, आणि गाडी त्याच समर्थकाची होती. दुसऱ्या दिवशी ते गेले.

तारखांचा एक योगायोग सांगतो. त्र्यंबकच्या मारहाणीच्या बरोबर एक वर्ष आधी, २० सप्टेंबर २०२४ला, मुंबई उच्च न्यायालयात न्या. अतुल चांदूरकर यांनी केंद्राच्या ‘फॅक्ट चेक युनिट’ची तरतूद घटनाबाह्य ठरवली. सरकारच्या कारभाराबद्दल इंटरनेटवर जे लिहिलं जाईल त्यातलं खोटं कोणतं, हे सरकारनेच नेमलेल्या कक्षाने ठरवायचं, अशी ती सोय होती. आधीच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले म्हणून प्रकरण तिसऱ्यांकडे गेलं होतं. कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड, मासिकांची संघटना हे सगळे वर्ष-दीड वर्ष कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. वकिलांच्या फीचे पैसे कुठून येतात असं तुम्हाला वाटतं?

आता तुमचं आवडतं उत्तर येणार: ‘पेपरचे दिवस गेले हो, आता डिजिटल आहे, डिजिटल फुकट असतं.’ बरं. डिजिटलचंच बोलू.

गोदेला पूर येतो तेव्हा नाशिककराचा एकच प्रश्न असतो: दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं? कमरेला, छातीला की गळ्याला? ते तुम्हाला तुमच्या बाल्कनीत बसून कळतं, कारण कोणीतरी एक पोरगा रामकुंडाच्या वरच्या पायरीवर, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात बूम धरून लाइव्ह करत असतो. त्या दिवशी त्याला लाखभर लोक बघतात. तेवढेच लोक बिबट्या विहिरीत पडला की बघतात. मग तोच पोरगा महापालिकेच्या एखाद्या निविदेची फाइल पंधरा दिवस धुंडाळून व्हिडिओ करतो, आणि त्याला चाळीस लोक बघतात. त्यातले पाच महापालिकेचेच असतात. यूट्यूब पैसे देतं ते बघणाऱ्यांच्या हिशेबाने. मग तो पोरगा काय शिकेल? पुढच्या वेळी थंबनेलवर लाल गोल, पिवळी अक्षरं, ‘अखेर ते घडलंच’. आणि तुम्ही नऊ वाजता लिहिणार, पत्रकारितेचा दर्जा घसरला.

या धंद्यात भामटे नाहीत असं मी म्हणत नाही. गाडीवर ठळक ‘प्रेस’, गळ्यात कुठल्याशा चॅनेलचं ओळखपत्र, बांधकामाचे फोटो काढायचे आणि ‘साहेब, बघा काहीतरी’ म्हणून दारात उभं राहायचं, अशी मंडळी प्रत्येक तालुक्यात दोन-चार आहेत. त्यांचं बरं चाललंय. ज्या बाजारात गिऱ्हाईक पैसेच देत नाही, तिथे बातमी न छापण्याचे पैसे घेणाराच टिकतो.

आणि नाशिकला तर हा फुकट वाचण्याचा खेळ फारच महागात पडला असता. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. पावणेचार वर्षांहून जास्त काळ या शहरात एकही नगरसेवक नव्हता. महासभेचे ठरावही प्रशासकच मांडणार आणि प्रशासकच मंजूर करणार. सिंहस्थाची हजारो कोटींची कामं याच काळात कागदावर आली. विरोधी पक्षनेता नाही, स्थायी समिती नाही, पीठासनासमोर फाइल फेकणारा कोणी नाही. प्रश्न विचारायला उरली ती महापालिकेची बीट सांभाळणारी दहा-वीस माणसं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तपोवनातल्या साधुग्रामसाठी १,७००हून अधिक झाडांवर कुऱ्हाड येणार असं निघालं. झाडांच्या कायद्याप्रमाणे हरकती मागवायची जाहीर नोटीस काढावी लागते. अशी नोटीस बारीक टायपात छापलेली असते, कोपऱ्यात असते, आणि तिच्यासाठी पेपर लागतो. कोणीतरी ती वाचली, कोणीतरी बातमी केली, कोणीतरी मोबाइल घेऊन झाडांखाली गेलं, मग शेकडो हरकती पडल्या, अभिनेते सयाजी शिंदे आले, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. तुम्ही झाडाला मिठी मारलेला फोटो डीपीला लावलात. छान आलाय.

२०२५ साली जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या यादीत भारत १८० देशांत १५१वा आला तेव्हाही तुम्ही हळहळलात. ‘कुठे नेऊन ठेवलंय!’ पण हळहळीवर पत्र चालत नाही. लंडनच्या ‘गार्डियन’ने संकेतस्थळाला कुलूप घातलं नाही, वाचकांपुढे सरळ हात पसरला, आणि दहा लाखांवर वाचक खिशात हात घालतात. तुम्ही म्हणाल, ते साहेब लोक, त्यांना परवडतं. मग आपल्याच गावाचं घेऊ.

याच नाशिकमध्ये १९०९ साली बाबाराव सावरकरांना चोपडीभर कविता छापल्याबद्दल काळ्या पाण्याची सजा झाली. खटला सेशनला पाठवणारा कलेक्टर जॅक्सन त्याच वर्षी डिसेंबरात विजयानंद नाट्यगृहात मारला गेला, आणि पाठोपाठ १९१०चा प्रेस अॅक्ट आला. नव्या छापखान्याने आधी ५०० ते २,००० रुपये अनामत भरायची, सरकारला मजकूर आवडला नाही की ती जप्त. म्हणजे पत्र मारायचं तर पैशाची नाडी आवळावी, हे इंग्रजाला चांगलं कळलं होतं.

पण मला त्याहून जास्त टोचते ती दुसरी तारीख. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढलं, शाहू महाराजांनी त्याला २,५०० रुपये दिले, आणि तरी ते तीन-साडेतीन वर्षांत थांबलं. ३ एप्रिल १९२७ला ‘बहिष्कृत भारत’ निघालं. रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहीत. पैशाअभावी १५ नोव्हेंबर १९२९ला तेही बंद पडलं. ‘जनता’ सुरू व्हायला २४ नोव्हेंबर १९३० उजाडला. मधल्या त्या वर्षभरात काय आहे? २ मार्च १९३०. काळाराम मंदिराचा सत्याग्रह. हजारो माणसं पंचवटीत बंद दरवाजांपुढे उभी होती तेव्हा त्यांच्या नेत्याच्या हातात स्वतःचं पत्र नव्हतं. ते सरकारने जप्त केलेलं नव्हतं, कोर्टाने थांबवलेलं नव्हतं. वर्गणीच पुरी पडली नव्हती. त्या वाचकांकडे पैसे नव्हते, ही गोष्ट खरी आणि जगजाहीर आहे. दिवसभर राबून मिळणाऱ्या आण्यांत आधी भाकरी येते. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. तुमचं कारण काय?

असो. आता कामाचं बोलू, कारण मागच्या महिन्यात फोन तुम्ही केला होता.

बिल्डरने कन्व्हेयन्स करून दिलेलं नाही, पूर्णत्वाचा दाखला अर्धवट आहे, पाहुण्यांचं पार्किंग विकून टाकलं आहे, आणि उन्हाळाभर टँकर. ‘एक सणसणीत बातमी लावा,’ म्हणालात. ‘सगळीकडे कागद दिले, कोणी छापत नाही. सगळे मॅनेज आहेत.’ मी चौकशी केली. ज्या यूट्यूबवाल्या पोराला तुम्ही कागद दिलेत, त्याने बातमी केली होती. आठ दिवसांत बिल्डरच्या वकिलाची अब्रुनुकसानीची नोटीस आली. उत्तर द्यायला वकील लावायचा तर त्याचे दोन महिने गेले असते. त्याने व्हिडिओ उतरवला. तोवर तुमच्या सोसायटीतल्या एकानेही त्या चॅनेलचं सभासदत्व घेतलं नव्हतं. व्हिडिओ मात्र उतरवून घेऊन ग्रुपवर टाकला होता, म्हणजे बघणारे मोजले गेले तेही तुमच्या खात्यात.

दैनिकाच्या डेस्कवरच्या दोस्ताला विचारलं. बातमी लिहून पडली आहे, कागद चोख आहेत, ‘फक्त रविवार जाऊ दे’, असं म्हणाला. त्या रविवारी अंकाला चार पानी जॅकेट होतं, याच बिल्डरच्या नव्या प्रकल्पाचं. पुढच्या रविवारी पुन्हा. तुम्हाला ते दिसलं नसणार, कारण ग्रुपवर कोणी कुरकुर केल्यापासून तुम्ही जाहिरातीची पानं काढून ‘स्वच्छ प्रत’ टाकता.

तेव्हा बातमीची वाट न बघता एक करा. महापालिकेच्या नगररचना विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका: मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, पार्किंगचा आराखडा, तिन्हीच्या प्रती. नोव्हेंबर २०२५ पासून ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणं साहेबांना सोपं झालं आहे, म्हणून कोणाचं नाव विचारू नका, फक्त इमारतीचं विचारा. प्रती हाती आल्या की मला द्या, बातमी मी करतो, कुठे लावायची तेही बघतो. अर्ज स्वतः जाऊन द्या आणि पोच घ्या. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो, आणि तो ग्रुपवर मिळत नाही.

कळावे,
आपला,
एक बातमीदार